गावांच्या नावांवरून जर्मनिक टोळ्यांचा माग कसा काढायचा

श्टुटगार्टच्या एस-बानचा, म्हणजे उपनगरी रेल्वेचा, नकाशा समोर धरा. फाइहिंगन, ब्योब्लिंगन, रेनिंगन, एसलिंगन, प्लोखिंगन. म्युनिकला गेलात की शेवट आखूड होतो: पासिंग, एर्डिंग, श्वाबिंग. झुरिकभोवती तोच 'होफन'शी मिळून 'इकोन' होऊन येतो: योर्लिकोन, डीटिकोन, वेट्सिकोन. आल्प्स ओलांडून लोंबार्दीत उतरा, तिथे रोमानेंगो आणि ओफानेंगो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हेस्टिंग्ज. या सगळ्या नावांत एकच जर्मनिक प्रत्यय वेगवेगळ्या वेषांत बसला आहे. अर्थ साधा आहे: अमक्याची माणसं, अमक्याच्या गोतातले.

मुंबईचं १९६८ पासूनचं जोडशहर असलेल्या श्टुटगार्टच्या परिसरात, किंवा लंडनच्या आसपास, नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी कुणाला हा नाद लागला तर सुरुवात कुठून करायची, ते इथे सांगतो आहे. जुनी जर्मन यायला हवी असं नाही. चिकाटी हवी, आणि संशय घेण्याची सवय हवी. या विषयात हुशार माणसं फसली आहेत ती ज्ञान कमी पडलं म्हणून क्वचितच. नकाशावर सुंदर रेघ दिसली आणि तिच्या मोहात पडली, म्हणून फसली.

पायरी १: काळाचा सांगाडा पाठ करा

नावं हाताळण्याआधी कोण कधी कुठे होतं याची ढोबळ यादी डोक्यात पक्की हवी. इ. स. २६० च्या सुमारास रोमन सरहद्द मोडून आलामानी लोक आजच्या बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये शिरले. ३७६ मध्ये गॉथ डॅन्यूब ओलांडून रोमन हद्दीत आले. त्यांच्यातल्या व्हिसिगॉथांनी ४१० मध्ये रोम लुटलं आणि ४१८ मध्ये ते नैर्ऋत्य फ्रान्समध्ये वसले. ४०६ सरता सरता व्हँडल, सुएबी आणि इराणी भाषा बोलणारे अलान यांनी ऱ्हाईन ओलांडली, ४०९ मध्ये ते स्पेनमध्ये होते, आणि ४२९ मध्ये व्हँडल आफ्रिकेला गेले. बर्गुंडींना रोमन सेनापती एइटियसनं ४४३ मध्ये जिनिव्हा सरोवराच्या बाजूला बसवलं. अँगल, सॅक्सन, ज्यूट हे पाचव्या शतकात ब्रिटनमध्ये आले. लोंबार्ड ५६८ मध्ये हंगेरीच्या मैदानातून इटलीत उतरले. नवव्या शतकात डेन आणि नॉर्वेजियन इंग्लंडमध्ये, आणि ९११ पासून नॉर्मंडीत.

एवढं पुरे. बाकीचं लागेल तसं वाचता येतं.

पायरी २: एकच जिल्हा घ्या आणि तक्ता आखा

सगळा युरोप एकदम घेऊ नका. एक जिल्हा, एक काउंटी, फार तर एका नदीचं खोरं. स्प्रेडशीटमध्ये रकाने करा: आजचं नाव, सर्वात जुनं लेखन, त्याचं वर्ष, कोणत्या दस्तऐवजात सापडलं, नावाचा शेवट, नावाचा पहिला भाग, अक्षांश-रेखांश, जमीन कशी आहे, आणि शेवटी 'खात्री'. शेवटच्या रकान्यात पक्कं, शक्य किंवा शंका यांपैकी एकच शब्द लिहायचा. नवशिक्यांचे तक्ते या रकान्याशिवाय बनतात आणि महिन्याभरात निरुपयोगी होतात, कारण आपण कशाला अंदाजानं लिहिलं होतं आणि कशाला पुराव्यानं, ते आपलं आपल्यालाच कळेनासं होतं.

पायरी ३: आजचं नाव बाजूला ठेवा, जुनं लेखन शोधा

आजच्या पाटीवरचं नाव हे हजार-दीड हजार वर्षं वापरून गुळगुळीत झालेलं असतं. यॉर्कचं उदाहरण घ्या. केल्टिक भाषेत ते एबुराकोन होतं, बहुधा ताक्सस जातीच्या 'यू' झाडाशी नातं सांगणारं. रोमनांनी एबोराकुम केलं. अँग्लो-सॅक्सन आले, त्यांना तो शब्द कळेना, मग त्यांनी आपल्या भाषेतल्या 'एओफोर' म्हणजे रानडुक्कर या शब्दावर तो बसवला आणि एओफोरविक केलं. डेन लोकांनी त्याचं योरविक केलं, आणि त्याचं आकसून यॉर्क झालं. आजच्या एका अक्षरगटावरून यातलं काही म्हणजे काहीही कळलं नसतं. जुनी रूपं ओळीनं लावली की चार समाज एकापाठोपाठ एक दिसतात.

जुनी रूपं मिळतात कुठे? इंग्लंडसाठी पहिला थांबा म्हणजे १०८६ चं डोम्सडे बुक, विजेत्या विल्यमनं करवून घेतलेली जमीनमोजणी. त्याही आधीच्या सनदा असतात. नॉटिंगहॅम विद्यापीठाचं इंग्रजी गावनावांचं शोधसाधन इंटरनेटवर फुकट आहे, आणि १९२३ मध्ये सुरू झालेल्या इंग्लिश प्लेस-नेम सोसायटीचे काउंटीवार खंड मोठ्या ग्रंथालयांत मिळतात. दक्षिण जर्मनीत लोर्श मठाचं दप्तर हा खजिना: बाराव्या शतकात नकलून काढलेल्या सुमारे ३,८०० नोंदी, बहुतेक आठव्या-नवव्या शतकातल्या दानांच्या. मानहाइमचा पहिला उल्लेख त्यातलाच, ७६६ चा. स्वित्झर्लंडसाठी सेंट गालेन मठाच्या सनदा आणि देशभरातल्या गावनावांचं एकत्रित पोर्टल आहे.

इथे दोन गोष्टींची काळजी घ्या. एक, पहिला उल्लेख म्हणजे गावाचा जन्म नव्हे. मठाला कुणीतरी शेत दान केलं, कारकुनानं गावाचं नाव लिहिलं, इतकाच त्या वर्षाचा अर्थ. ऱ्हाईन-नेकार भागातली किती तरी गावं लोर्शच्या नोंदीवरून साडेबाराशेवा वाढदिवस थाटात साजरा करतात. करू देत, तुमच्या तक्त्यात मात्र ते वर्ष 'याच्या आधी कधीतरी' असंच वाचा. दुसरं, लिहिणारा कारकून कोण होता ते पाहा. डोम्सडेचे लेखनिक नॉर्मन वळणाचे होते, इंग्रजी उच्चार त्यांच्या कानाला जसे लागले तसे त्यांनी लिहिले. म्हणून एकाच नोंदीवर विसंबू नये, निदान दोन-तीन शतकांतली रूपं एकमेकांशी ताडून पाहावीत.

आणखी एक सापळा अगदी अलीकडचा आहे. ईशान्य फ्रान्सच्या लॉरेनमधली तियोंव्हिल, हायांज, हागोंदांज ही गावं १८७१ नंतर जर्मन अमलात अनुक्रमे डीडेनहोफेन, हायिंगन, हागेन्डिंगन म्हणून मिरवत होती, आणि १९४० ते १९४४ मध्ये पुन्हा एकदा. पूर्व प्रशियात नाझी सरकारनं १९३८ मध्ये स्लाव्ह आणि बाल्टिक वळणाची शेकडो नावं पुसून जर्मन वाटतील अशी नवी ठेवली. जुना नकाशा हाती लागला म्हणून हरखून जाऊ नका. तो कुठल्या सरकारनं कधी छापला ते आधी बघा.

पायरी ४: नाव फोडा आणि शेवटाचं वय ओळखा

जर्मनिक गावनाव बहुधा दोन तुकड्यांचं असतं. शेवटचा तुकडा जागेचा प्रकार सांगतो, पहिला तुकडा ती कुणाची किंवा कशी ते सांगतो. मानहाइम म्हणजे मानो नावाच्या माणसाचं घर-गाव. बर्मिंगहॅम, डोम्सडेमध्ये 'बेर्मिंगेहाम', म्हणजे बेओर्मा नावाच्या माणसाच्या गोतातल्यांचं गाव. सिग्मारिंगनमध्ये तर जागेचा शब्दच नाही: सिग्मारची माणसं, बस्स. म्हणजे हे आधी लोकांचं नाव होतं, ते लोक जिथे राहिले त्या जमिनीला नंतर चिकटलं.

दक्षिण-पश्चिम जर्मनीत शेवटांचे थर साधारण असे लागतात. सर्वात खाली 'इंगन' आणि 'हाइम'. त्यावर 'श्टेटन', 'होफन', 'हाउझन', 'डोर्फ'. त्याहून वर 'वाइलर', जो मुळात लॅटिनमधून आलेला शब्द. आणि सगळ्यात वर 'रॉइट', 'रोडे', 'हागेन' असे शेवट, जे जंगल तोडून केलेल्या वस्त्यांचे, मध्ययुगाच्या मधल्या काळातले.

हा क्रम कुणी मनानं लावलेला नाही. तो जमिनीवर दिसतो. 'इंगन'वाली गावं नेकारच्या खोऱ्यात, लोएस या वाऱ्यानं आणलेल्या मातीच्या सुपीक पट्ट्यांवर दाटीनं बसली आहेत, आणि त्यांच्याजवळ पाचव्या ते सातव्या शतकातल्या ओळीनं पुरलेल्या कबरींची दफनभूमी अनेकदा सापडते. तिथून ब्लॅक फॉरेस्टच्या चढणीला लागलात की 'इंगन' विरळ होत जातात आणि जंगलतोडीचे शेवट सुरू होतात. जे आधी आले त्यांनी चांगली जमीन धरली. उशिरा आलेल्यांच्या वाट्याला कुऱ्हाड आली.

पण हे थर म्हणजे शिक्का नव्हे. 'इंगन' हा शेवट आलामानींनी वापरला, बव्हेरियनांनी वापरला, फ्रँकांनी वापरला, सॅक्सनांनीही वापरला. ग्योटिंगन हे शहर आलामानी मुलुखापासून कितीतरी उत्तरेला आहे. म्हणून शेवटावरून टोळी ओळखण्याचा प्रयत्न करू नका. शेवट सांगतो तो फार तर काळ आणि वस्तीचा प्रकार. 'इंगन म्हणजे आलामानी, हाइम म्हणजे फ्रँक' हे समीकरण जुन्या पुस्तकांत अजून भेटतं. त्यात तथ्य आहे ते एवढंच की फ्रँकांच्या राजवटीत नोर्डहाइम, ओस्टहाइम, बेर्गहाइम अशी साच्यातून काढल्यासारखी नावं सरकारी जमिनींना देण्याची पद्धत दिसते.

इंग्लंडमध्ये हीच चूक वेगळ्या तऱ्हेनं झाली. हेस्टिंग्ज, रीडिंग, बार्किंग ही 'इंगास' गटातली नावं म्हणजे पहिल्या बोटीतून उतरलेल्या लोकांची, असं कित्येक पिढ्या शिकवलं गेलं. १९६६ मध्ये जॉन डॉजसन यांनी साधं काम केलं: आग्नेय इंग्लंडमधली ही नावं आणि सुरुवातीच्या अँग्लो-सॅक्सन कबरी एकाच नकाशावर मांडल्या. दोन्ही एकमेकांवर बसेनात. नावं कबरींच्या शेजारच्या मुलुखात होती. म्हणजे ती पहिल्या वस्तीची नसून, वस्ती पसरू लागल्यावरची. त्यानंतर 'हॅम' शेवटाच्या नावांना जास्त जुनं मानायला सुरुवात झाली. तिथेही खड्डा आहेच: जुन्या इंग्रजीत 'हाम' म्हणजे गाव आणि 'हम्म' म्हणजे नदीच्या वळणात अडकलेली जमीन, दोन्ही आज 'हॅम'च दिसतात.

पायरी ५: परभाषेत मिसळलेला शेवट ओळखा

टोळी दुसऱ्यांच्या भाषेत विरघळली तरी शेवट उरतो, फक्त स्थानिक उच्चाराचं पाणी चढतं. लॉरेनमध्ये 'इंगन'चं 'आंज' होतं. फ्रेंच स्वित्झर्लंडच्या व्हो प्रांतात 'आं' असा उच्चार आणि लेखनात 'ens': रेनां, एशालां. लोंबार्दीत 'एंगो'. फ्लँडर्समध्ये 'इंग' आणि 'हाइम' मिळून 'गेम' होतं, म्हणून वारेगेम, झोटेगेम, एव्हरगेम हे बर्मिंगहॅमचे चुलतभाऊ.

बुलोन्य आणि कॅले या फ्रेंच बंदरांच्या मागे तर गंमतच आहे. आलिंकथुन, लांद्रेथुन अशी गावं तिथे आहेत, आणि हे 'थुन' म्हणजे इंग्लंडमधलं 'टन', वाडी-वस्ती. शेजारी तार्दिंगेन. खाडीच्या पलीकडे केंट. सॅक्सन दर्यावर्दी दोन्ही काठांवर उतरत होते, याचं इतकं उघड चित्र दुसरीकडे कुठे बघायला मिळत नाही. नॉर्मंडीत जरा पश्चिमेला गेलात की शेवट नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतले, होतात: इव्हतो, कोदबेक, एल्बफ. तिथे 'तो' म्हणजे घराची जागा, 'बेक' म्हणजे ओढा.

बर्गुंडींच्या मागावर निघालेल्यांनी मात्र जिनिव्हा सरोवराभोवती सावध राहावं. 'एंगोस' हा प्रत्यय स्थानिक लॅटिन बोलणाऱ्यांनीही उचलला, आणि बर्गुंडींचं राज्य ५३४ मध्ये फ्रँकांनी गिळल्यावरही नवी नावं त्यानं बनत राहिली. इटलीत मार्तिनेंगो बघा, शेवट जर्मनिक आणि आत बसलेला माणूस मार्तिनुस, म्हणजे लॅटिन नावाचा.

पायरी ६: टोळीचं नाव दिसलं की थांबा

सगळ्यात मोहात पाडणारी नावं हीच. गावाच्या नावातच टोळी सापडली म्हटल्यावर आणखी काय हवं? पण आपल्याकडच्या एखाद्या गावातला कुंभारवाडा आठवा. सगळं गाव कुंभारांचं असतं तर वाड्याला ते नाव पडलंच नसतं. बाकीचे कुंभार नव्हते म्हणून ते नाव ओळखीला उपयोगी पडलं. टोळ्यांच्या नावांचंही तेच. लोक स्वतःच्या गावाला 'आम्हा डेनांचं गाव' म्हणत नाहीत. ते शेजारी म्हणतात. तेव्हा डेनबी (डॅनिश 'बी' म्हणजे गाव) हे नाव सांगतं की भोवतालचे बहुतेक लोक डेन नव्हते. नॉर्मंटन: इंग्रजांच्या मुलुखात थोडे नॉर्वेजियन. लेस्टरशायरमधलं फ्रिस्बी: डेन वस्तीत फ्रिशियन. नॉरफोकमधलं स्वाफम: अँगलांच्या प्रदेशात सुएबी, म्हणजे श्वाबेन लोकांचं एखादं घराणं.

म्हणजे टोळीच्या नावाची गावं नकाशावर जोडून 'हा त्यांचा मार्ग' असं म्हणणं बहुधा उलट्या टोकाचं वाचन असतं. तुम्ही जोडता ते ठिपके त्यांच्या तुरळक वस्तीचे असतात, मुख्य वस्तीचे नसतात.

फ्रान्समध्ये तर या ठिपक्यांमागे टोळीची स्वारीच नसते. पश्चिम फ्रान्सच्या व्हांदेतलं तिफोज हे नाव तैफाल या टोळीवरून आहे, आणि पाचव्या शतकाच्या सुरुवातीच्या रोमन अधिकाऱ्यांच्या यादीत प्वातिये इथे सार्मेशियन (इराणी भाषा बोलणारे) आणि तैफाल वसाहतींवर नेमलेला एक अधिकारी नोंदलेला आहे. म्हणजे रोमन सरकारनंच त्यांना जमीन देऊन बसवलं, बदल्यात सैनिकी चाकरी. फ्रान्समधली सेर्मेझसारखी नावं आणि इटलीत पिआचेंझाजवळचं सार्मातो सार्मेशियनांशी जोडली जातात, तीही याच जातीची. नॉर्मंडीतल्या कां (Caen) शहराजवळ आलमान्य नावाचं गाव होतं. पहिल्या महायुद्धात जर्मनीचं नाव गावाला नको झालं, म्हणून ते फ्लरी-सुर-ऑर्न झालं. जुनं नाव शोधणाऱ्याला आजच्या नकाशावर ते मिळणारच नाही.

देश-प्रांतांची नावं या नियमातून वगळा. फ्रान्स, लोंबार्दी, बर्गंडी, एसेक्स, ससेक्स ही नावं कुणाचं राज्य होतं ते सांगतात. फ्रान्समध्ये फ्रँक राज्यकर्ते झाले आणि भाषा लॅटिन कुळातलीच राहिली, एवढं एक उदाहरण पुरे.

एक नाव मात्र मला खरोखर टोळीच्या हालचालीजवळचं वाटतं, आणि त्यात टोळीचं नावच नाही. लोंबार्डांचा 'फारा'. आठव्या शतकातला त्यांचा इतिहासकार पावलुस डिआकोनुस सांगतो की राजा आल्बोइननं आपल्या पुतण्याला, गिसुल्फला, फ्रिउलीचा ड्यूक नेमलं, तेव्हा गिसुल्फनं अट घातली: मला हवे ते फारा, म्हणजे कुळं, निवडून घेऊ द्या. बायका-मुलं, गुरं, शस्त्रं घेऊन एकत्र चालणारा आणि एकत्र वसणारा जथा तो फारा. आज फारा जेरा द'आद्दा मिलानच्या पूर्वेला आहे, फारा नोव्हारेझे पिएमोंतेत, फारा इन साबिना रोमच्या ईशान्येला, फारा सान मार्तिनो आब्रुत्सोत. शब्द त्यांच्याच भाषेतला, त्यांच्याच समाजरचनेतला, आणि स्थानिक लोकांना तो दुसऱ्या कुठल्या अर्थानं लागत नव्हता. असे शब्द शोधा. टोळीच्या नावापेक्षा ते शंभर पटीनं बोलके.

याउलट नुसत्या ध्वनिसाम्यापासून चार हात लांब राहा. बर्गुंडी आणि बोर्नहोम बेट (जुनं नाव बुर्गुंडारहोल्म), रुगी आणि र्युगेन, व्हँडल आणि स्वीडनमधलं वेंडेल, व्हँडल आणि अँदालुसिया. बुर्गुंड या शब्दाच्या मुळाशी 'उंच' हा अर्थ आहे, आणि बोर्नहोम समुद्रातून उंच वर आलेलं बेट आहे. नातं नसतानाही दोन्ही नावं जन्मू शकतात. व्हँडल स्पेनमध्ये जेमतेम वीस वर्षं होते. अल-अंदलुस हे नाव ७१६ च्या नाण्यावर दिसतं, आणि व्हँडलांशी त्याचा धागा आजही वादातच आहे.

पायरी ७: आधीच्या लोकांची नावं टिकली आहेत का ते पाहा

नवे आले म्हणजे जुने मेले किंवा पळाले असं नसतं. जुनं नाव टिकायचं तर ते नव्याला सांगणारं कुणीतरी जागेवर उरलेलं असावं लागतं. कोलोनियाचं क्योल्न, मोगोंतियाकुमचं माइन्झ, कोन्फ्लुएन्तेसचं कोब्लेन्झ: या शहरांत कुणीतरी होतं. उलट आर्जेन्तोरातुम हे रोमन नाव मागे पडलं आणि श्ट्रासबुर्ग हे नवं नाव आलं.

जर्मन भाषेनं इथे आपल्याला एक घड्याळच दिलं आहे. साधारण सहाव्या ते आठव्या शतकांदरम्यान दक्षिणेकडच्या बोलींमध्ये 'ट'चं 'त्स' आणि 'प'चं 'प्फ' झालं. जी नावं त्याआधीच जर्मन तोंडात गेली होती ती बदलली: तोल्बियाकुमचं त्स्युल्पिख, तुरिकुमचं त्स्युरिख, ताबेर्नाएचं त्साबेर्न, आणि पोर्टुसवरून आलेलं प्फोर्त्सहाइम. जिथे हा बदल अपेक्षित असून दिसत नाही, तिथे लॅटिन बोलणारे लोक जास्त काळ टिकले असण्याची शक्यता धरा.

जर्मनिक लोक परक्या भाषकांना 'वाल्ह' म्हणत. वेल्स, वालोनिया, कॉर्नवॉलमधला 'वॉल', स्वित्झर्लंडचं वालेनझे सरोवर, साल्झबुर्गजवळची वाल्स, झेवाल्खन, श्ट्रासवाल्खन ही गावं, सगळी त्या एकाच शब्दाची. इंग्लंडमधलं वॉल्टनही कधीकधी. कधीकधीच, कारण ते भिंतीवरून, वनावरून किंवा झऱ्यावरूनही असू शकतं, आणि जुन्या लेखनात मधला स्वर टिकलेला आहे का यावर निकाल लागतो. पायरी ३ का घाम काढते ते इथे कळतं.

पायरी ८: नकाशावर मांडा, आणि रिकाम्या जागा वाचा

क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे. तक्ता सीएसव्ही करून आत ओढा, शेवटाप्रमाणे रंग द्या, खाली नद्या, उंची आणि रोमन रस्ते ठेवा.

ठिपके कुठे आहेत हे सगळेच बघतात. कुठे नाहीत ते बघा. डेन्मार्क आणि दक्षिण स्वीडनमध्ये 'लेव' आणि 'ल्योव' शेवटाची गावं आहेत, हादेर्सलेव, एस्ल्योव. मग होल्श्टाइन आणि एल्बेच्या दक्षिणेला बऱ्याच अंतरापर्यंत काही नाही. आणि एकदम माग्देबुर्ग ते एरफुर्टच्या पट्ट्यात 'लेबेन'ची झुंबड: आइसलेबेन, आशर्सलेबेन, ओशर्सलेबेन. शब्द एकच, 'मागे ठेवलेलं', वारशानं आलेलं. अँगल आणि वार्नी या टोळ्यांचे लोक उत्तरेकडून मध्य जर्मनीतल्या थ्युरिंगियात आले आणि शेवट बरोबर घेऊन आले, हा जुना सिद्धांत. ८०२ च्या सुमाराच्या थ्युरिंगियन कायद्याच्या मथळ्यात अँगल आणि वार्नींचं नाव आहेच. सगळं सुंदर जुळतं. तरी मधली पोकळी मला पटू देत नाही. वारशासाठीचा शब्द सगळ्या जर्मनिक बोलींत होता. दोन ठिकाणी त्यापासून स्वतंत्रपणे गावनावं बनायला काहीच अडचण नव्हती. तक्त्यात याला 'शक्य' लिहावं, 'पक्कं' लिहू नये.

पायरी ९: फॅशन आणि हाडं, दोन्ही तपासा

माणसांची नावं लोकांबरोबर जातात तशी ती नुसत्या प्रतिष्ठेनंही पसरतात. गॅलिसिया आणि उत्तर पोर्तुगालमध्ये गितिरिस, मोंदारिस, गोंदोमार अशी जर्मनिक माणसांच्या नावांची गावं भरपूर आहेत. सुएबींचं राज्य तिथे होतं खरं, ५८५ पर्यंत. पण गिमरायंश हे शहर वीमारा पेरेश या नवव्या शतकातल्या सरदाराशी जोडतात, आणि तोवर जर्मनिक नावं ही तिथल्या सगळ्याच खानदानी घरांची आवड बनली होती. अशा नावांची संख्या मोजून सुएबींची लोकसंख्या काढणं चुकीचं ठरतं.

हाडं आता बोलू लागली आहेत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासात पूर्व आणि दक्षिण इंग्लंडमधल्या सुरुवातीच्या मध्ययुगीन माणसांच्या वंशाचा सरासरी ७६ टक्के भाग उत्तर समुद्राच्या पलीकडचा निघाला. म्हणजे तिथे माणसं खरोखर आली होती, नुसती नावांची टूम आली नव्हती. २०१८ च्या दुसऱ्या अभ्यासात हंगेरीतलं सोलाद आणि तोरिनोजवळचं कोलेन्यो इथल्या लोंबार्ड काळातल्या दफनभूमींत मोठ्या नातेसंबंधांच्या कुटुंबांभोवती कबरी रचलेल्या दिसल्या. फाराचं वर्णन वाचून झाल्यावर हा निकाल वाचताना अंगावर काटा येतो.

सरावासाठी: डर्बीशायरचा एक कोपरा

पहिला जिल्हा कोणता घ्यावा असं विचाराल तर मी डर्बीशायरचं दक्षिण टोक सुचवेन, ट्रेंट नदीच्या दोन्ही काठांचा भाग. गाडीनं अर्ध्या दिवसात फिरून होतो आणि वर सांगितलेलं जवळपास सगळं तिथे एकत्र आहे.

डर्बीपासून सुरुवात करा. डेन लोकांनी दिलेलं नाव, हरणांचं गाव. त्याआधी इंग्रज त्याला नॉर्थवर्थी म्हणत, म्हणजे इथे नाव बदललेलं कागदावर पकडता येतं; 'पक्कं' लिहा. दक्षिणेला रेप्टन. जुनं रूप ह्रिपांची टेकडी, आणि ह्रिपे ही अँग्लियन टोळी यॉर्कशायरमधल्या रिपनच्या नावातही आहे. दोन तुकड्यांतलं नातं काय, कोण कुठून कुठे गेलं, ते नाव सांगत नाही. रेप्टनला ८७३-७४ च्या हिवाळ्यात व्हायकिंगांच्या मोठ्या सैन्यानं तळ ठोकला होता.

तिथून थोड्याच अंतरावर इंगलबी. 'अँगलांचं गाव', पण शेवट डॅनिश. इंग्लंडमध्ये इंग्रजांचं गाव म्हणून वेगळं ओळखायची गरज पडावी, तर भोवती कोण असतील? गावाजवळच्या हीथ वूडमध्ये ५९ टेकाडांची व्हायकिंग दहनभूमी आहे, ब्रिटिश बेटांत सापडलेली त्या प्रकारची एकमेव. नाव आणि राख एकमेकांची साक्ष देतात, असे प्रसंग फार येत नाहीत.

मग वॉल्टन-ऑन-ट्रेंट: ब्रिटनांच्या, म्हणजे आधीच्या केल्टिक रहिवाशांच्या, गावाच्या अर्थाचं, पण शेवट इंग्रजी 'टन'. आणि रेप्टनला लागूनच ब्रेटबी: तेही ब्रिटनांचं गाव, पण शेवट डॅनिश. वॉल्टनमध्ये इंग्रज शेजाऱ्यांनी स्थानिक ब्रिटनांना नाव दिलं, हे सरळ आहे. ब्रेटबीचे ब्रिटन मात्र तिथे चार शतकं टिकून राहिलेले असू शकतात, किंवा डेन सैन्याबरोबर वेल्सकडून वा उत्तरेकडून नव्यानं आलेले असू शकतात. शेवटच्या रकान्यात 'शंका' लिहा आणि पुढच्या गावाकडे वळा.